परकराआडचे गुडघे

आमच्या घरात उंच होण्याची मुभा फक्त पुरुषांना होती. मी बाराव्या वर्षीच आईच्या डोक्यावरून पलीकडचं पाहू लागले, तेव्हा आत्या काळजीने म्हणाली, "अगं, जरा वाकून चालत जा. नवऱ्याने काय शिडी लावून बोलायचं तुझ्याशी?"

मी आज्ञाधारक. वाकले. परकर मात्र ऐकेना. आई सारखी त्याची खालची दुमड उसवून तो लांब करी, तरी माझ्या पोटऱ्या बाहेरच.

पळण्यात मात्र आमच्या डोंबिवलीच्या शाळेत मला तोड नव्हती, म्हणून मला ठाण्याला शर्यतींसाठी नेलं. तिथे कळलं, गट वयावर नाहीत, उंचीवर आहेत. भिंतीवर खडूची रेघ. डोकं रेघेखाली राहिलं तर लहान गट, वर गेलं तर मोठा. मोठ्या गटात चांगल्या मॅट्रिकच्या मुली! त्यांच्यात मी म्हणजे पाय फुटलेला बांबू, आणि वर शेवटचा नंबर ठरलेला.

रांग सरकत भिंतीशी आली तशी मी परकराआड गुडघे वाकवले. डोकं अलगद रेघेखाली.

मोजणाऱ्या बाईंनी माझ्या डोक्याकडे पाहिलंच नाही. त्या खाली पाहत होत्या.

"काय गं, मघाशी रांगेत तुझ्या पोटऱ्या दिसत होत्या. आता पावलंसुद्धा दिसेनात. परकर वाढला का तुझा?"

मागे सगळ्या खिदळल्या.

"उभी राहा सरळ. पाय भरून येतील."

राहिले. रेघ कानाशी आली.

मोठ्या गटात शेजारी एक दणकट मुलगी छातीशी हात घट्ट बांधून उभी होती. पलीकडची खांदे पाडून. म्हणजे इथेही सगळ्या काहीतरी लपवतच होत्या!

"बघू नकोस गं अशी," दणकट मुलगी पुटपुटली. "मला सगळे पैलवान म्हणतात."

"मला शिडी."

ती फसकन हसली. तेवढ्यात शिट्टी झाली. आम्ही काचे मारलेले परकर सावरत सुटलो. ती पहिली आली, मी तिसरी. वाकायचं मला आठवलंच नाही.

धापा टाकत ती म्हणाली, "पुढच्या वर्षी ये हं. पण गुडघे सरळ ठेवून. सगळ्यांनी पाहिलं."

मी लाजून खांदे पाडले. त्यावर तिने पाठीत असा रट्टा घातला की डोंबिवली येईपर्यंत मी ताठच बसून होते.