उलट्या कळ्यांचा मोदक

भुताखेतांच्या गोष्टींना मी आजवर हसतच आले. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण लिहितेच.

मी इंदूरला राजेंद्र नगरात राहते, ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटर. गेल्या वर्षी उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली — मनगटातली नस दबलेली, कार्पल टनल. चिमूटच धरता येईना. गणपती तोंडावर आलेले, आणि आई गेल्यापासून नैवेद्याचे मोदक मीच करते. ऐन वेळी हाताने दगा दिला म्हणून मी भयंकर चिडले होते.

आई डावखुरी. तिच्या मोदकांच्या कळ्या उलट्या बाजूला झुकायच्या, लगेच ओळखू यायच्या. डाव्या हाताचं देवाला चालत नाही, हा आजीचा नियम. म्हणून आईचे मोदक आमच्या ताटात, नैवेद्यात कधीच नाहीत. तिला ते लागायचं. मला मात्र तिनेच समोर बसवून शिकवलं — तिचा डावा हात, माझा उजवा, आरशात बघावं तसं.

त्या दुपारी फिजिओथेरपिस्ट नेहा माझं उजवं मनगट धरून त्यावर अल्ट्रासाउंडचं मशीन फिरवत होती. डाव्या हातात तिने व्यायामाच्या पुटीचा गोळा दिला, कणकेसारखा मऊ, दाबू तसा आकार घेणारा.

"काकू, तोपर्यंत हा दाबत बसा. आणि टेन्शन नका घेऊ, सब ठीक होईल."

मी डोळे मिटले. आईची फार आठवण आली.

"काकू... हे कधी बनवलं तुम्ही?"

डोळे उघडले तर डाव्या तळव्यावर त्याच गोळ्याचा मोदक. बारीक, सारख्या कळ्या — उलट्या झुकलेल्या.

"मी तर तुमचा हात सोडलाच नाही! एक हाथ से कसं बनेल?" नेहा म्हणाली.

खरंय. एक हात पारी धरायला लागतो, दुसरा कळ्या पाडायला. कुणीही करून बघावं. मोबाइल काढेपर्यंत गोळा हळूहळू बसून सपाट झाला, त्यामुळे फोटो नाही.

हात पुढे व्यायामाने सुधारला, त्यात चमत्कार काही नाही. पण चतुर्थीला उजवी चिमूट अजून जमत नव्हती. मग पारी उजव्या तळव्यावर ठेवली आणि कळ्या डाव्याने पाडल्या. आयुष्यात कधी न केलेलं... सहज जमलं.

भाऊ नैवेद्याचं ताट न्यायला आला आणि थबकला. "ताई, हे तर आईवाले मोदक आहेत!"

"हो. हेच ठेव बाप्पापुढे."

त्या दुपारी दुसरा हात कुणाचा लागला, मला आजही सांगता येत नाही. चतुर्थीला मात्र एक मोदक मी आजीच्या फोटोपुढेही ठेवला, उलट्या कळ्या तिला नीट दिसतील असा.