उंबरठ्याची उंची

आसेगावच्या शिवारात तलाव होणार होता, तेव्हा मोजणीला एक सर्वेअर आला. हिशेबासाठी त्याच्याकडे सरकती पट्टी होती. एक डोळा मिटून तो ती सरकवायचा. पट्टी उत्तराचे पहिले तीनच आकडे दाखवायची. पुढे तो बिनधास्त शून्यं मांडायचा. मला त्या शून्यांची धास्ती वाटली, कारण आमचं घर तलावाच्या काठावर येत होतं.

"सायेब, आमचं घर बी असंच अंदाजानं मोजता काय?" आईनं विचारलं.

"तलावातलं पानी लई मोटं, माय. तिथं शेवटचे आकडे सोडले तरी चालते. तुमचा उंबरठा बोटभर बी सोडता येत नाही."

दुर्बीण लावून त्यानं उंची पुन्हा मोजली. पाणी दारात येणार असं निघालं, तेव्हा जादा पाणी सोडणाऱ्या सांडव्याची खूण त्यानं खाली घेतली.

तलाव भरला, त्या दिवशी आईनं अंगणातून पाणी पाहिलं आणि आत जाऊन चूल पेटवली.