वन्संचा आवाज

वहिनीने उमेदीची वर्षं काचा वाहण्यात घालवली. खिडक्यांच्या, शोकेसच्या, माणूसभर उंचीच्या आरशांच्या. एका काचवाल्या व्यापाऱ्याचा टेम्पो तिच्याकडे होता आणि तो ती असा चालवायची की रस्त्यावरच्या सायकली पुढे निघून जात. ब्रेक ती दाबत नसे, नुसता पाय ठेवून गाडीची समजूत घालत असे.

वहिनी हे काही तिचं नाव नव्हे. ते तिला नणंदेमुळे चिकटलं. नणंद, म्हणजे वन्सं, बसस्थानकावर अनाउन्सर. "घरात वन्सं, स्टँडवर अना-वन्सर," असं वहिनी म्हणायची आणि त्यावर वन्सं स्वतःच सगळ्यात जोरात हसायच्या. दुपारी डबा द्यायला वहिनीचा टेम्पो फाटकाशी आला की माइक चालू असल्याचं विसरून वन्संचा आवाज घुमायचा, "वहिनी, कालच्या भाजीत मीठ कुठं होतं?" अख्खा स्टँड हसायचा. बसचालकांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांची ती वहिनी झाली ती अशी.

आवाज मात्र काय होता वन्संचा! लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहिल्या, आणि सगळा जीव त्या आवाजात ओतला. आंधळे प्रवासी त्यांच्या बोलण्यावर पाय टाकत योग्य गाडीपर्यंत पोचायचे.

मग शहरातल्या मोठ्या इस्पितळाने ती नवी गाडी आणली. पक्षाघाताच्या रुग्णाला इस्पितळात आणेपर्यंत वेळ जातो आणि तेवढ्यात मेंदू हातचा जातो, म्हणून इस्पितळच रुग्णाच्या दारात न्यायचं. गाडीच्या पोटात डोक्याचा स्कॅन काढायचं मशीन, एक डॉक्टर, एक नर्स, एक तंत्रज्ञ, आणि पडद्यावर इस्पितळात बसलेल्या मोठ्या डॉक्टरीणबाई. मशीन फार नाजूक. त्यांना भन्नाट चालवणारा नको होता, अलगद चालवणारा हवा होता.

"अर्ज करा," वन्सं म्हणाल्या.

"मी? लोक म्हणतील, हिची गाडी पोचेपर्यंत पेशंट बरा होऊन कामावर जाईल."

"म्हणू देत. लोकांची तोंडं बंद करायला आपल्याकडे माइक आहे."

अर्ज केला, नोकरी लागली. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत वहिनी स्टँडच्या कँटीनमध्ये बसून जो भेटेल त्याला पढवायची, "तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड, यातलं एक जरी दिसलं तरी आम्हाला फोन. डोक्याला तेल चोळत बसायचं नाही." कँटीनवाल्या काकांनी तर कंटाळून ते खडूने फळ्यावरच लिहून टाकलं, चहाच्या खाली आणि बिस्किटांच्या वर.

पण सुरुवातीचे दिवस वाईट गेले. एकदा पोचले तर माणूस दारू पिऊन झोपलेला. एकदा एका बाईचा हात नुसता अंगाखाली दबून बधिरलेला. आणि एकदा खरोखरच पक्षाघात झालेले आजोबा, पण घरच्यांनी सकाळपासून "झोपले की उतरेल" म्हणत वाट पाहिलेली. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ठरावीक वेळेतच देता येतं, नंतर ते उलटतं. औषध गाडीत होतं आणि देता येत नव्हतं. त्या दिवशी वहिनीला जेवण गेलं नाही. बाहेर लोक गाडीला पांढरा हत्ती म्हणू लागले होते, आणि इस्पितळातही काही जण हळू आवाजात तेच म्हणत होते.

त्या दुपारी स्टँड माणसांनी फुलला होता. वन्संनी साडेबाराची गाडी पुकारली, नेहमीसारखी ठणठणीत. मग पुढची पुकारायला घेतली.

"फलाट क्रमांक... फलाट... लाटफ... गाडीची दुधाची... ला..."

लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "बाई, पाणी प्या!" कर्ण्यांतून नुसता घरघरणारा श्वास येत राहिला.

कँटीनवाले काका हसले नाहीत. हातातली किटली तशीच टाकून ते केबिनकडे धावले. वन्सं खुर्चीत कलल्या होत्या. उजवा हात मांडीवरून लोंबत होता, तोंड एका बाजूला ओघळलं होतं, आणि डोळे मात्र टक्क उघडे, भ्यालेले. काकांनी आधी फोन लावला, मग त्यांना धरलं.

इस्पितळाच्या गाडीत निरोप आला, "बसस्थानक. बाई आहेत. तिथल्या अनाउन्सर."

किल्ली फिरवताना वहिनी एवढंच म्हणाली, "माझ्या नणंदबाई आहेत त्या."

डॉक्टर तरुण होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. "वहिनी, जमेल तुम्हाला?"

"न जमून कुणाला सांगू? बसा."

पाय ॲक्सिलरेटरवर दाबून धरावा, समोरचं सगळं उडवून द्यावं, असं तिला वाटत होतं. पण मागे मशीन होतं, आणि ते बिघडलं तर पोचून उपयोग नव्हता. ती भोंगा वाजवत, खड्डे चुकवत, ओठ घट्ट मिटून गेली. जन्मात इतक्या वेगाने आणि इतकी अलगद ती कधी गेली नव्हती.

स्टँडच्या फाटकात गाड्यांची ही दाटी. पण काकांचा निरोप तिच्या आधी सगळीकडे पोचला होता. "वहिनी आली! सरका, सरका!" चालकांनी आपापल्या बस हव्या तशा मागे घेतल्या, एकाने तर झुडपांवरच चढवली. आता प्रश्न उभं कुठे राहायचं. स्टँडचं आवार पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून उतरतं केलेलं, आणि स्कॅनला गाडी सपाट लागते. नवं काँक्रीट फक्त चौथ्या फलाटावर होतं आणि तिथे भरलेली बस उभी होती. वहिनीने काच खाली करून नुसता हात केला. चालकाने प्रवाशांसकट बस बाहेर काढली. गाडी तिथे लागली, तिचे चार लोखंडी पाय जमिनीला टेकले, आणि डॅशबोर्डवरच्या, सपाटी दाखवणाऱ्या पाणसळीतला बुडबुडा मधोमध येऊन थांबला.

वन्संना आत घेतलं. डॉक्टरने दारातून विचारलं, "कधीपासून झालंय हे? शेवटचं नीट कधी बोलल्या?" या प्रश्नाला घरोघरी लोक एकमेकांची तोंडं बघत. इथे शंभर माणसं एकदम बोलली. "साडेबाराची गाडी नीट पुकारली हो! मीच ती घेऊन निघत होतो," बसचालक म्हणाला. "पुढच्या वाक्याला घसरल्या."

"एवढे साक्षीदार कोर्टातही मिळत नाहीत," डॉक्टर पुटपुटला आणि आत वळला.

स्कॅन झाला. पडद्यावर मोठ्या डॉक्टरीणबाई पुढे वाकल्या. "रक्तस्राव नाही. गुठळी आहे. प्रेशर जास्त आहे, आधी ते खाली आणा. घरचं कुणी आहे?"

"मी आहे," वहिनी म्हणाली. कुठल्या गोळ्या चालू, मागे काही ऑपरेशन, कशाची ॲलर्जी, तिने सगळं धडाधड सांगितलं. प्रेशरची गोळी वन्सं अधूनमधून बुडवतात हेही सांगितलं, आणि तेवढ्यातही स्ट्रेचरवरून एक रागीट नजर तिला मिळाली.

"इंजेक्शनने गुठळी विरघळते," बाई म्हणाल्या, "पण काही जणांना मेंदूत रक्तस्राव होतो. धोका थोडा आहे, पण आहे. तुमची हरकत नाही ना?"

"त्यांना समजतंय का?"

"समजतंय. फक्त शब्द सापडत नाहीत."

"मग मी कोण ठरवणार?" वहिनीने वन्संचा डावा हात हातात घेतला आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं, न लपवता त्यांना सांगितलं. "द्यायचं असेल तर हात दाबा."

वन्संनी असा हात दाबला की वहिनीची अंगठी बोटात रुतली.

प्रेशर उतरलं. औषध शिरेत गेलं. वहिनी पुन्हा चाकामागे जाऊन बसली, कारण आता इस्पितळ गाठायचं होतं आणि गाडी दुसरं कोण चालवणार?

वाटेत मागची छोटी खिडकी उघडी होती. आधी नुसत्या यंत्रांचे आवाज. मग नर्सचा, "बोटं हलवा बरं. हं. अजून." वहिनीने देवाकडे काही मागितलं नाही, समोरच्या रिक्षाला मात्र मनातल्या मनात हजार विनवण्या केल्या.

"व..." मागून आलं. "वहि..."

तिची मूठ स्टिअरिंगवर आवळली.

"वहिनी." मग थांबून, ओढत, पण ओळखू येईल अशा आवाजात, "बैल... बैलगाडी आहे का ही? हाका की!"

गाडीत एकच कल्ला झाला. तंत्रज्ञाने मशीनवर थाप मारली. डॉक्टर पडद्याकडे बघून ओरडला, "मॅडम, ऐकलंत?" आणि मॅडम, ज्यांना कुणी कधी हसताना पाहिलं नव्हतं, त्या टाळ्या वाजवत होत्या. वहिनीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. दोन्ही हात चाकावर, पुसणार कशाने? नर्सने खिडकीतून हात घालून कापसाच्या बोळ्याने तिचे डोळे टिपले. "हाकते, वन्सं, हाकते," वहिनी म्हणत राहिली, आणि तसूभरही वेग न वाढवता तिने गाडी इस्पितळात नेली.

पांढरा हत्ती हा शब्द त्यानंतर कुणी काढला नाही. बसचालक गावोगाव ही हकिकत नेत होते, आणि फोन आता वेळेवर येऊ लागले. त्या मोसमात गाडीने आणखी कितीतरी जणांना त्यांच्या पायांवर घरी पाठवलं.

वन्संच्या उजव्या बोटांना थोडे दिवस गुंडी लावता येईना. काही शब्द अडायचे. वाचा-उपचार करणारी मुलगी त्यांना फळांची नावं म्हणायला सांगायची, तर त्या म्हणायच्या, "फळं काय करायचीत? गावं म्हणते." आणि सगळे थांबे ओळीने, अडखळत, चिडत, पुन्हा पहिल्यापासून म्हणायच्या. भिंतीपलीकडचे रुग्णही पुढचा थांबा ओरडून सांगायला लागले.

त्या कामावर परतल्या त्या दिवशी वहिनीची ड्यूटी नव्हती, तरी ती आली होती. केबिनच्या काचेमागे वन्संनी घसा खाकरला. स्टँडवरच्या माना कर्ण्यांकडे वळल्या.

"प्रवाशांनी... प्रशा... थांबा हं, प्र-वा-शां-नी," कर्णे म्हणाले, आणि मग स्वतःवरच हसणारा तो दणदणीत आवाज सगळीकडे भरून राहिला. "लक्ष द्यावं! डोंगरापलीकडे जाणारी गाडी सुटत आहे!"

चालकाने हॉर्न दिला. शेजारच्याने दिला. मग उभ्या होत्या तेवढ्या सगळ्या गाड्यांनी दिला. वहिनी हसत होती आणि दोन्ही कानांवर हात ठेवून उभी होती. सुटलेल्या गाडीच्या खिडक्याखिडक्यांतून अनोळखी माणसांचे हात बाहेर आले होते आणि गाडी वळेपर्यंत ते हलत होते.