एका हाताचं पाणी

चाचा घरात आले की आधी माशांकडे बघायचेच नाहीत. चप्पल दाराबाहेर, बाही कोपरापर्यंत वर, आणि करंगळी थेट फिशटँकच्या पाण्यात. ती नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "मुरलं न्हाई अजून." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फटकन बोलले, "चाचा, लोणचं मुरतं. पाणी कसलं मुरतंय?" त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की, मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते हे सांगायचं राहूनच गेलं.

नांदेडमध्ये ज्यांच्या हॉलमध्ये फिशटँक आहे, त्यांनी हा माणूस पाहिला असणारच. उंच, थोडे वाकलेले, मेंदी लावलेली दाढी, जुनी लुना आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन. देगलूर नाक्याकडे त्यांचं एका गाळ्याचं दुकान होतं. नाव मी लिहीत नाही, कारण छापून आलेलं त्यांना आवडायचं नाही, आणि तसंही सगळं गाव त्यांना चाचाच म्हणायचं.

गिऱ्हाईक परत पाठवण्यात त्यांचा हातखंडा होता. आम्ही टँक घ्यायला गेलो तेव्हा मी म्हटलं, टँकबरोबर मासेही द्या. तर म्हणाले, "टँक घेऊन जावा. पाणी भरा, मोटर लावा, पंधरा दिवसानं या. आधी घर बांधतेत का आधी माणसं राहायला येतेत?" मी रागारागात निघाले होते. दुसरं दुकान जवळ नव्हतं म्हणून पंधरा दिवसांनी त्यांच्याकडेच गेले, एवढंच.

हा टँक मी घेतला होता तो आबांसाठी. आबा म्हणजे माझे वडील. भोकरजवळच्या खेड्यात आयुष्य काढलेला माणूस. आई गेली आणि मी त्यांना इथे नांदेडला, तरोड्यातल्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. माझे मिस्टर नोकरीला लातूरला, शनिवारी येतात नि सोमवारी पहाटे जातात. मी दिवसभर कॉलेजात. आबा खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघायचे. टीव्ही नको, पेपर नको, खाली बागेत चला म्हटलं तर तेही नको. मला त्यांची भीती वाटायला लागली होती. त्या भिंतीशी आपण निदान काहीतरी हलतं ठेवू या, म्हणून हा खटाटोप.

आणि खरंच, मासे आल्यापासून आबा बोलायला लागले. माझ्याशी नाही, माशांशी. त्यांना ते 'जित्राबं' म्हणायचे. मी कॉलेजातून आले की पहिला प्रश्न, "जित्राबाला दाणा घातला का गं?" मी नाही म्हटलं की ते घालायचे, हो म्हटलं तरी घालायचे. ज्या माणसानं कधी गोठ्यातलं जनावर उपाशी ठेवलं नाही, त्याला चाचांनी सांगितलेल्या आठ दाण्यांवर थांबा म्हणून कोण सांगणार? त्यात टँक मी ठेवला होता खिडकीशी, सकाळच्या उन्हात रंग छान दिसतात म्हणून. तीन आठवड्यांत पाणी हिरवं झालं. नुसतं हिरवं नाही, पालक वाटून ओतल्यासारखं. मासे आहेत की गेले, हे काचेला नाक लावल्याशिवाय कळेना.

आता घाण दिसली की आधी बादली आणायची, हा आपला स्वभाव. मी रविवारी पदर खोचला, मासे पातेल्यात काढले, सगळं पाणी मोरीत ओतलं, खडे घासले, काच घासली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. टँक नवा दिसायला लागला. पुढच्या रविवारी पुन्हा हिरवा. पुन्हा पदर खोचला. तिसऱ्या वेळेला मी चाचांना फोन केला.

"सगळं पाणी फेकलं?"

"हो."

"स्पंज बी धुतला?"

"स्वच्छ धुतला."

"साबण तर न्हाई ना लावला?"

मी मोरीतल्या साबणाच्या वडीकडे बघितलं.

"या अल्ला," म्हणाले. थोड्या वेळानं लुना खाली उभी.

करंगळी बुडवून झाल्यावर मला समोर उभं करून त्यांनी सांगितलं, "मॅडम, मछलीला काही झालं न्हाई. तुम्हाला धुवायची बीमारी झाली. खिडकीतलं ऊन आन् जास्तीचा दाणा, ह्यानं हिरवं झालं. मग पाणी मुरायला लागलं, घाण खाणारे बारीक जीव त्यात आन् स्पंजात धरले, की तुम्ही फेकून राहिलात. ते सुधारंल कधी? टँक भिंतीकडं सरकवा, मछलीला दाणा कमी करा, आन् हात लावू नका. मी जुम्याला येतो, झाकायला कापड घेऊन." आबा खुर्चीत बसून ऐकत होते. दाणा कमी करा म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

तो सोमवार होता. टँक आम्ही सरकवला. पण शुक्रवारपर्यंत थांबेल तो शेतकरी कसला! मी बुधवारी कॉलेजात असताना आबांनी त्यांच्या मते एकदम साधा इलाज केला. गावाकडं पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की रांजणात तुरटी फिरवायची, सकाळी पाणी काचेसारखं. आपण सगळ्यांनीच ते पाहिलंय, प्यालोयही. आबांनी माझ्या देवघराच्या खालच्या कप्प्यातला तुरटीचा खडा काढला आणि टँकमध्ये फिरवला. एकदा नाही, चांगला वीस-पंचवीस वेळा.

मी चार वाजता घरी आले. पाणी इतकं स्वच्छ झालं होतं की तळाचा खडान् खडा मोजावा. आणि चार मासे तळाशी आडवे पडले होते. उरलेले सात वर तोंड काढून धापा टाकत होते. आबा स्टुलावर बसले होते, ओला हात तसाच गुडघ्यावर ठेवून.

तुरटीनं पाणी आम्लधर्मी होतं, गाळ माशांच्या कल्ल्यांत बसतो, हे मला दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. मी चाचांना फोन केला आणि तेवढ्यात आबा उठून आत गेले. बघते तर पिशवी भरून राहिले होते. दोन धोतरं, टोपी, आईचा फोटो.

"आबा, कुठं?"

"गावाकडं. उद्याच्या पहिल्या गाडीनं."

गावाकडं काय होतं? कुलूप लावलेलं घर. मला भाऊ नाही, चुलत्यांची पोरं पुण्याला. चूल पेटवायला कुणी नाही आणि हा माणूस स्वतःसाठी चूल पेटवणारा नाही. आबा गेले तर महिन्याभरात मला निरोप येईल, हे मला तेव्हा स्पष्ट दिसलं. मी रडले, चिडले, शपथ घातली. ते पिशवीची नाडी आवळत राहिले.

चाचा आले ते दोन्ही कॅन घेऊनच, जिने चढून, धापा टाकत. आधी अर्धं पाणी काढलं, त्यांच्या दुकानातलं मुरलेलं पाणी हळूहळू सोडलं, हवेची नळी वाढवली. मेलेले चार मासे त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवले. आबा गावाकडं निघालेत हे मी सांगितलं, तेव्हा हॉलमध्ये पिशवी घेऊन बसलेल्या आबांच्या शेजारी ते जमिनीवर बसले.

"बोअरचं पाणी जड हाय आपलं, तुरटीचा आंबटपणा त्यानं थोडा मारला, म्हणून सात वाचले," म्हणाले. "तुम्ही काय मुद्दाम केलं का आबा?"

आबांनी पिशवीची नाडी सोडून आपला तळहात उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाले, "भाई, माझ्या हाताला गुण न्हाई. हिच्या मायला बी शेवटपर्यंत औषध मीच दिलं. वेळच्या वेळी दिलं. डॉक्टर म्हणाले, हातगुण लागतो. मला लागला न्हाई. आता ही मुकी जित्राबं. मी जिथं हात लावतो तिथं असंच."

आई जाऊन पाच महिने झाले होते. हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. टँककडे बघितलं, आबांच्या पिशवीकडे बघितलं. मग एकदम गंभीर तोंड करून म्हणाले, "आबा, आता तर लई पंचाईत झाली."

"काय झालं?"

"ह्या पाण्याला तुमचा हात लागला. आता चाळीस दिवस ह्याला दुसरा हात चालत न्हाई. मॅडमचा न्हाई, माझा बी न्हाई. रोज सकाळी एक तांब्या पाणी काढायचं, आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या बादलीतलं एक तांब्या घालायचं. हात एकच. हात बदलला की पाणी बिथरतं, मग हे सात बी जातेत. तुम्ही गावाकडं गेलात तर ह्यांचं काय करायचं, सांगा?"

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "का गं, असं असतंय? तुझ्या पुस्तकात हाय का?"

वीस वर्षं मी पोरांना शिकवतेय, बिनपुराव्याचं काही मानायचं नाही म्हणून. पाण्याला हात कळत नाही. पाण्याला काहीच कळत नाही.

"आहे की आबा," मी म्हटलं. "बारावीच्या पुस्तकात आहे. शेवटच्या धड्यात."

"मग लेकरं तिथवर शिकत न्हाईत वाटतं," आबा म्हणाले आणि टँकजवळ जाऊन सात मासे मोजायला लागले.

तळाशी बसलेलं हिरवं ढवळून शुक्रवारपर्यंत पाणी पुन्हा गढूळलं होतं. नमाज झाल्यावर चाचा आले, जुन्या छत्र्यांचं काळं कापड जोडून शिवलेली खोळ घेऊन. चार दिवस टँक त्या खोळीत. मग खोळ काढली, टँकचा दिवा दिवसातून थोडाच वेळ. दाण्यावरून दोघांची चांगलीच जुंपली. चाचा म्हणायचे, "आबा, मछलीचं पोट तिच्या डोळ्याएवढं. बैलाची पेंड कायको टाकता?" आबा म्हणायचे, "तुमची मछली तुमच्यासारखी वाळकी." पण दाणा चिमटीत मोजून घालायला लागले. रोज सकाळी अंघोळ करून, तांब्या घासून, देवाला घालावं तसं पाणी घालायचे. मी जवळ गेले तरी ओरडायचे, "लांब हो, बिथरंल!"

बाराव्या-तेराव्या दिवशी पाणी निवळलं. मला वाटलं आता पिशवीचा विषय पुन्हा निघणार. चाचांनी करंगळी न बुडवताच सांगून टाकलं, "वरवर साफ हाय हे. चाळीस म्हंजे चाळीस." दर शुक्रवारी यायचे. चहा प्यायचे, टँककडे पाच मिनिटं आणि बैलांच्या खोडींवर तासभर बोलायचे. एकदा लहानपणी चाचांच्या बापानं त्यांना कंधारच्या बाजारात म्हैस विकायला पाठवलं आणि ते म्हैस घेऊनच परत आले, ही गोष्ट आबांनी तीन वेळा सांगायला लावली. दर वेळी हसले. आबांचं हसणं मी विसरूनच गेले होते.

चाळिसावा दिवस कधी गेला, आबांनी विचारलं नाही. मीही नाही सांगितलं. पिशवीतला आईचा फोटो एक दिवस टँकवरच्या भिंतीवर लागलेला दिसला. खिळा त्यांनीच ठोकला होता, वाकडा.

मध्ये तीन-चार वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्यात चाचांचे गुडघे अगदीच गेले आणि ते हैदराबादला लेकीकडे कायमचे निघाले. दुकान आवरताना आबांना आणि मला बोलावलं. सगळ्या काचेच्या पेट्या रिकाम्या होत्या, एकच सोडून. तिच्यात काळ्या एंजल माशांची जोडी होती. ही जोडी त्यांनी कुणालाच विकली नव्हती, मागणारे कमी नव्हते तरी. हवा भरलेल्या पिशवीत त्यांनी ती सोडली, रबर लावलं आणि आबांच्या हातात दिली.  आबांनी ओंजळ पुढे केली आणि घेतली, अजिबात न अडखळता.

आबा बाहेर स्कूटीपाशी गेले तेव्हा मी चाचांना गाठलं. एवढी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलंच. "चाचा, खरं सांगा. तो एका हाताचा नियम तुम्ही कुठून काढला?"

ते खो खो हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "मला काय इचारता, मॅडम? मी चौथी पास माणूस. बारावीच्या पुस्तकात हाय म्हणून तुम्हीच सांगितलं की!"

मी वाकून त्यांच्या पाया पडले. ते मागे सरकत "नको, नको, बेटा" म्हणत राहिले. पहिल्यांदाच मॅडम नाही म्हणाले.

परत येताना नाक्यावर गर्दी होती आणि मला पुढचं नीट दिसत नव्हतं. आबा मागे बसले होते, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून.

"हळू चालव गं," ते म्हणाले. "पाणी हलून राहिलंय."