येताना काय दिसलं?

निर्मलाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंबला घरी होतो, दाढी अर्धी झालेली. उमरखेडहून त्यांचा भाऊ बोलत होता. "सर, ताई गेली... झटका आला." मी "अरे देवा" म्हटलं आणि लगेच मनात आलं, आता पहिली-दुसरीवर कोण? बाई जाऊन महिना झाला, पण त्या विचाराची लाज अजून जात नाही.

तांड्यावरची आमची शाळा दोनशिक्षकी. मी मुख्याध्यापक, तिसरी-चौथी माझ्याकडे, लहान पोरं बाईंकडे. रोज सकाळी बाई वर्गाच्या दारात लाकडी स्टुलावर बसायच्या आणि येईल त्या पोराला विचारायच्या, "येताना काय दिसलं?" पोरगं सांगायचं, बाई म्हणायच्या, "अन् मंग?" बस, एवढंच. मग त्यातलाच एखादा शब्द फळ्यावर लिहून वाचायला शिकवायच्या. बुजरी पोरं धावत शाळेत यायची. मलाही विचारायच्या. मी हसून म्हणायचो, "बाई, मले काय दिसते? खड्डे!"

पायल नावाची पोरगी पहिलीत आली. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत मराठी. सहा महिने तोंड उघडलं नाही. एके दिवशी हजेरी चालू असताना ती अचानक उठली आणि गोरबोलीत सांगत सुटली, शेळी व्यायली, याडीनं, म्हणजे आईनं, पिल्लू पुसलं... हातवारे करून, डोळे मोठे करून. सगळा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला. नेमकी त्या दिवशी तपासणी होती. माझं डोकं फिरलं. दारातूनच ओरडलो, "काय बाजार मांडला हा? मराठीत बोल, नाहीतर गप बस!"

पायल गप बसली. मी तेवढ्यावर थांबलो नाही. बाईंना लेखी समज दिली: हजेरीला विद्यार्थ्यांनी फक्त 'हजर' म्हणावे. बाईंनी सही केली आणि इतकंच म्हणाल्या, "सर, ते पोरगी आज पहिल्यांदा बोलली होती." साहेब तर त्या दिवशी फिरकलेच नाहीत!

बाई पुढंही दारात विचारत राहिल्या, पण घंटेच्या आधी, हळू आवाजात. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. मला मात्र त्यांनी परत कधी विचारलं नाही. पायल त्यांच्या कानाशी लागून काहीबाही सांगायची. मी दिसलो की तोंड बंद. तो कागद बाईंसमोर फाडावा, चुकलो म्हणावं, असं खूपदा वाटलं. उद्या म्हणू, परवा म्हणू... मुख्याध्यापकपणा आडवा यायचा. कसला डोंबलाचा मुख्याध्यापकपणा!

तेरवी झाल्यावर मी त्या स्टुलावर बसलो आणि पोरांना विचारलं, "येताना काय दिसलं?" पोरं एकमेकांकडे पाहू लागली. पहिलं म्हणालं, "हजर सर." दुसरंही तेच. पायलही तेच. माझाच हुकूम होता तो.

दुसऱ्या दिवशी मी गाडीवरून रस्ताभर आजूबाजूला पाहत आलो, तर एक नीलगाय दिसली. दारात पोरं जमली तेव्हा कुणालाच काही विचारलं नाही. म्हटलं, "मले आज रोही दिसली. तुरीत उभी होती, पिल्लू संगं."

पायल आत निघाली होती, ती थांबली. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "अन् मंग?"

पुढचं मी पाहिलंच नव्हतं. मी गाडी थांबवलीच नव्हती.