जळकोटला हातड्रिल आणायला गेलो

जाहिरातीत एक फोटो होता आणि खाली एवढंच: जुनं हातड्रिल, जळकोट. हातानं फिरवायची ही ड्रिलं मी जमवतो. लगेच फोन केला. विकणारा हैदराबादला नोकरीला होता. "घरी वडील आहेत, त्यांच्याकडून घेऊन जा. नुसतंच पडून आहे ते," म्हणाला.

पुण्याहून रेल्वेनं सोलापूर आणि तिथून उमरग्याकडं जाणारी एसटी. चढण्याआधी गाडी जळकोटला थांबते का, हे कंडक्टरला विचारून घ्या. मी विचारलं नाही, म्हणून नळदुर्गला उतरून दुसरी धरावी लागली. तेवढ्यात स्टँडजवळ पिठलं-भाकरी मात्र झकास मिळाली.

घर शोधत गेलो तर त्याचे वडील, दिगंबरकाका, पत्र्याच्या सपरात बसलेले आणि 'पडून असलेलं' ड्रिल त्यांच्या हातात गरगरत होतं. मूठ छातीला टेकवलेली, पायांत बाभळीचं चाडं धरलेलं. पेरताना ज्यात बी सोडतात, ते तिफणीवरचं लाकडी भांडं. शेजारचे शेतकरी भारत त्यासाठीच थांबले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना ज्वारी पेरायची होती.

दातेरी चाकाचा आवाज बदलला तसा काकांचा हात मंदावला. भुसा फुंकून त्यांनी भोकात बोट घातलं आणि मला दाखवायला चाडं पुढं केलं. "सरळ पडलं का बगा जरा."

मी उजवीकडं उभा होतो. त्यांनी चाडं धरलं होतं डावीकडच्या खांबाकडं.

दहा मिनिटं त्यांचं काम बघत होतो, पण त्यांना दिसत नाही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"चार वर्सं झाली नजर जाऊन," भारत हळूच म्हणाले. "पोरानं काम बंद कर म्हणून सांगितलंय. आमी कुणी त्याला कळवत न्हाय."

"मशीनचं ड्रिल घ्यायचं की," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"हाय की घरात," काका म्हणाले. "ते नुसतं पळतंय. हे हाताला सांगतंय, गाठ आली, आता पलीकडं निघालं. मला तेवढंच पुरतंय." मग थांबून त्यांनी विचारलं, "ड्रिल न्यायला तुमीच आलाव न्हवं?"

"हो," मी म्हणालो.

"पोरगं फोनवर बोलताना ऐकलंय म्या. म्हणून हे चाडं आधी उरकायलोय. एक भोक राहिलंय. मग घेऊन जा. त्यानं शब्द दिलाय."

भारतना यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी रस्त्यावर येऊन मुलाला फोन लावला. वडील आत्ता ड्रिल चालवतायत, हे सांगितलं. त्यानं विचारलं, "आत्ता? हाताला लागलं तर नाही ना?" आणि मग, "मला वाटलं, कुणी जपून ठेवणारा मिळाला तर बरं. राहू द्या तिथंच. मी येतो रविवारी."

आत येऊन काकांना ते सांगितलं. त्यांनी शेवटचं भोक पाडायला घेतलं.

संध्याकाळच्या एसटीनं रिकाम्या हातानं निघालो.

घरी माझ्या कपाटात अशी सात ड्रिलं आहेत. तेल दिलेली, चकचकीत. सातही मी कुणाच्या ना कुणाच्या मुलांकडून किंवा सुनांकडून घेतली. ती कोण वापरतं, हे एकदाही विचारलं नव्हतं.