चिठ्ठीचं पारायण आणि बसूचा मार

बसू गेल्याचं मला कळलं तेव्हा मी सलूनच्या खुर्चीत होतो, एका गालाला साबण आणि दुसरा गाल मोकळा. दारातून कुणीतरी आत डोकावून म्हणालं, "बाळीवेशीतला बसू केमिस्ट गेला. दुकानातच. गिऱ्हाइकाशी भांडता भांडता खाली बसला तो उठलाच नाही." माझ्या तोंडून निघालं, "मग जिंकलं कोण?" कुणी हसलं नाही. मीही हसलो नव्हतो. बसूची काहीही खबर आली की आधी हे विचारायचं, ही सवय जिभेला शाळेपासूनची. बातमी काय आहे हे तिला जरा उशिराच कळलं…

बसू म्हणजे बसवराज, माझा बालमित्र. गोट्या खेळताना त्यानं माझा दात पाडला आणि मैत्री झाली. पुढे तो औषधशास्त्र शिकून आला, दुकान थाटलं, पण मारायचा हात होता तसाच राहिला. ताकदीचं तांबडं औषध मागायला आलेल्या एका पैलवानाला त्यानं त्याच औषधाची बाटली फेकून मारली होती. तान्हं पोर रडतंय म्हणून त्याला स्वतःची झोपेची अर्धी गोळी चाटवणाऱ्या बापाला तर त्यानं गळपट्टी धरून काउंटरवरून आत ओढला आणि तुडवला. पोर वाचलं, बाप आठवडाभर लंगडत होता. शिव्या कन्नडमधून आणि औषधं मराठीतून, असा बसूचा कारभार. लोक त्याला 'मारका केमिस्ट' म्हणत आणि तरी त्याच्याकडेच जात.

मी मिलच्या कापूस खात्यात कारकून. कापसाच्या धुळीनं दम्यानं धरलं, तेव्हा डॉक्टरांनी छोट्या पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या. आधी रोज चार, मग तीन, मग दोन, मग एक, आणि मग बंद. बसूनं पुडी दिली आणि बोट रोखून म्हणाला, "संपली की संपली. परत मागायला आलास तर तंगडं मोडीन." का, कशासाठी, हे मी विचारलं नाही. बसूला प्रश्न विचारणं म्हणजे चालू यंत्रमागात हात घालणं.

गोळ्यांनी काय सांगू, छाती अशी उघडली की मिलचा जिना मी पळत चढू लागलो. संपल्या आणि पुन्हा छातीचा भाता सुरू. मी घरातला पारायणाचा माणूस. शेवटचा अध्याय संपला की नारळ फोडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून लागायचं, हे अंगात भिनलेलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीचंही मी तेच केलं. एकवर पोचलो की पुन्हा चार. डॉक्टरांनी उतरायला दिलेला जिना मी देवाचा ग्रंथ समजून महिनोन्‌महिने वरपासून वाचत राहिलो. बसूच्या गल्लीतून जाणं बंद केलं आणि तीच चिठ्ठी स्टेशनाकडच्या दुसऱ्या दुकानात दाखवू लागलो. तिथला माणूस सज्जन होता. तो काहीच विचारायचा नाही.

मग मी फुगलो. तोंड पुरणपोळीसारखं गोल झालं. मोहोळहून माझा मेहुणा सोपान आला तो म्हणाला, "दाजी, मिलचं पाणी लई मानवलं की तुमाला." सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या घेऊन माझी दृष्ट काढली. मी आरशात बघून मिशीला पीळ देत असे. झोप मात्र उडाली होती. पहाटेपासून मी घासलेली भांडी पुन्हा घासत बसायचो, आणि मला वाटायचं, माझ्याइतका हुशार माणूस सोलापुरात झाला नाही. एक दिवस दूधवाल्याला त्याच्याच मापानं बडवला. दुसऱ्या दिवशी रेडिओ जमिनीवर आपटला, कारण बातम्या सांगणारा माझ्याबद्दल कुजबुजत होता. मिलमध्ये खातेप्रमुखाच्या टेबलावर दौत उपडी केली आणि त्याला टेबलासकट ढकलला. हे सगळं मी लोकांना रंगवून सांगतो, लोक पोट धरून हसतात. पुढचं मी कुणाला रंगवून सांगत नाही. चहा थंड का, म्हणून मी पेटता स्टोव्ह उचलून शांताच्या, माझ्या बायकोच्या, अंगावर फेकला. तिनं हात आडवा धरला म्हणून तोंड वाचलं. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलून निघाली…

निरोप मिळताच सोपान मोहोळहून धावत आला. त्यानं मला म्हशीच्या दाव्यानं खांबाला बांधला. "ह्यास्नी बाहेरचं लागलंय," असं म्हणून एक भगत आणला. भगतानं पहिल्यांदा दवाखान्याच्या गोळ्या गटारात टाकायला लावल्या. मग मिरच्यांची धुरी. दमेकऱ्याला मिरच्यांची धुरी. मी खोकून खोकून काळानिळा पडलो की तो म्हणे, "बघा, तडफडतंय," आणि ओल्या चाबकानं पाठीवर ओढायचा. पाठीतून रक्त आलं तेव्हा त्यानं हात थांबवला, पण तो दमला म्हणून. एक-दोन दिवस असे गेले आणि माझा दंगा आपोआप थांबला. मान उचलेना, पाणी पोटात ठरेना, हातपाय गार. भगत खूष झाला. "निगालंय. आजून एक डाव बडवला की गेलंच."

त्या दुपारी शांता भाजल्याचं मलम आणायला बसूच्या दुकानात गेली. मलम घेतलं आणि वळता वळता थांबली. "अण्णा, दम्याच्या गोळ्यांनी माणूस असा होतो का हो?" इतक्या महिन्यांत, इतक्या माणसांत, हे विचारणारी ती पहिली. "कसा?" म्हणाला बसू. तिनं हाताची पट्टी दाखवली. गोळ्या कोणत्या, किती दिवस, चेहरा गोल झालाय का, त्यानं भराभरा विचारलं. आणि शेवटी, "आता गोळ्या कुठायत?"

"गटारात. परवाच टाकल्या."

शांता सांगते, गिऱ्हाइकं उभी, गल्ला उघडा, आणि हा अनवाणी रस्त्यावर पळत सुटला.

तो घरात शिरला तेव्हा भगताचा हात वर होता. बसूनं चाबूक हिसकावला आणि पहिला फटका भगताच्या तोंडावर ओढला. भगत ओट्यावर कोसळला. सोपाननं कोपऱ्यातली काठी घेतली आणि बसूच्या जबड्यावर घातली. दोन दात जमिनीवर पडले. बसू रक्त थुंकला, सोपानला भिंतीशी दाबून धरला आणि म्हणाला, "आता मार. पण आधी ऐक. ह्याचं डोकं दम्याच्या गोळीनं फिरलंय, आणि आता ह्याला तीच गोळी पायजे."

"ज्या गोळीनं याड लागलं तीच? तुमालाबी लागलं की काय?"

"व्हय, तीच. अंगाला तिची सवय लागलीय, अंगानं स्वतःचं काम सोडलंय. एकदम तोडली तर मरतोय हा. बघ, हात लाव त्याच्या पायाला. मरायलाच लागलाय."

सोपाननं पायाला हात लावला… आणि काठी खाली ठेवली. दावं त्यानंच सोडलं. मी काय केलं म्हणाल, तर तोंड बघायला वाकलेल्या बसूच्या अंगठ्याला चावलो. तेवढी ताकद कुठून आली देव जाणे. त्यानं अंगठा काढून घेतला नाही. मला तसाच टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेला. सलाईन, इंजेक्शन, आणि मग कित्येक आठवडे गोळ्या पाव पाव करत उतरवल्या, डॉक्टरांच्या नजरेखाली. डोकं ताळ्यावर आलं. शांताचा हात भरून आला, डाग राहिले.

बसू जबड्याला पट्टी बांधून माझ्या खाटेशी बसायचा. एकदा म्हणाला, "मध्या, तुला तंगडं मोडीन म्हणालो होतो. का मोडीन ते सांगितलं होतं का?" मी म्हटलं, "नाही." "मग मी काय दिलं तुला? गोळ्या आणि धमकी."

त्यानंतर त्याच्या दुकानात नवाच जाच सुरू झाला. पुडी हातात द्यायची, पण दुसरं टोक सोडायचं नाही. औषध कशाचं, त्यानं आणखी काय होऊ शकतं, झालं तर काय करायचं, हे तो सांगायचा आणि गिऱ्हाइकाकडून वदवून घ्यायचा. टेंभुर्णीच्या एका आजींना म्हणाला, "म्हणा, झापड येते." "येती." "मग चुलीपाशी?" "न्हाय बसायचं." "आणि अंगावर पुरळ उठलं तर?" "तुज्या नावानं बोंब मारायची." बसू म्हणाला, "बरोबर. इथं येऊन मारा." माणसं चिडायची, दुसरीकडे जाईन म्हणायची, आणि तिथंच उभी राहून धडा म्हणायची.

बसूचे दिवस झाल्यावर मी दुकानात गेलो. आता त्याचा धाकटा भाऊ बसतो. गरीब, मवाळ माणूस, आवाज चढवत नाही. माझं खोकल्याचं औषध त्यानं कागदात गुंडाळून दिलं. मी घेतलं आणि उभा राहिलो. शेजारी दोन माणसं होती, त्यांच्याही हातात पुड्या होत्या, तीही हलली नव्हती. "झालं की," धाकटा म्हणाला, "अजून काय पायजे?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग त्यातल्या बाईनं आपली पुडी काउंटरवर परत ठेवली.

"हिच्यानं काय काय व्हतं ते सांगा की," ती म्हणाली. "त्याबिगर मी न्हाय जायची."

धाकट्यानं चष्मा लावला, पुडी सोडली आणि आतला बारीक अक्षरांचा कागद उलगडला. आम्ही तिघंही काउंटरला टेकून पुढे सरकलो.